हैफाच्या हल्ल्यात निजामाचे घोडेस्वार होते का?

प्रश्न : दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादच्या स्वाराची म्हणतात. मग आपल्या मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामाच्या फौजेनेच हैफा जिंकले का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : अर्धे बरोबर. हैफा हे आजच्या इस्रायलमधले बंदर; पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय स्वारांनी ते तुर्कांकडून घेतले. पंधराव्या इम्पिरियल सर्व्हिस (इंग्रजांच्या मदतीला दिलेल्या संस्थानी फौजेच्या) घोडदळ ब्रिगेडमध्ये जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद अशी तीन संस्थानांची पथके होती, म्हणून तिच्या दिल्लीतल्या स्मारकात मूर्ती तीन. पण २३ सप्टेंबर १९१८ च्या प्रत्यक्ष हल्ल्यात जोधपूर व म्हैसूरचेच स्वार होते. हैदराबादच्या पथकाकडे युद्धकैदी मागे नेण्याचे काम होते. ते काम कमी लेखू नका, कैद्यांमागे माणसे अडकली की पुढची फळी पातळ होते.

हल्ला फसता फसता राहिला. हैफाजवळच्या किशोन नदीचा काठ दलदलीचा, घोडे रुतू लागले. तेव्हा जोधपूरच्या स्वारांनी डावीकडे वळून कार्मेल डोंगराच्या उतारावरच्या मशीनगन आधी घेतल्या. म्हैसूरचे स्वार डोंगरावरच्या तोफांकडे गेले. जोधपूरच्या स्वारांचे नेतृत्व करणारे मेजर दलपतसिंह या हल्ल्यात मारले गेले. सुमारे १,३५० कैदी हाती आले. बंदर इंग्रजांना मिळाले आणि १९४८ पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिले. दिल्लीतल्या चौकाला २०१८ मध्ये ‘तीन मूर्ती हैफा चौक’ हे नाव मिळाले.