आईसाहेबांचा रागही येतो आणि कीवही

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला राहते, वय २६, आयटीत आहे. झी मराठीवर ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ लागायची तेव्हा आई आणि मी जेवता जेवता रोज बघायचो, आता संपली तरी आई मोबाईलवर जुने एपिसोड लावून बसते. मला भुवनेश्वरीचा प्रचंड राग येतो, अधिपतीचं सगळं तीच ठरवणार आणि तो आपला ‘आईसाहेब, आईसाहेब’. आई म्हणते, अगं पण जीव आहे तिचा त्याच्यावर. परवा यावरून एवढं वाजलं की दोघी न बोलता झोपलो. अशा बाईला व्हिलन म्हणायचं की आई?

उत्तर : अगं, तुम्ही दोघी भांडलात म्हणजे ते पात्र जमलंय. कविता लाड-मेढेकरला आपण वर्षानुवर्षं गोड, हसऱ्या भूमिकांत बघितलंय, २०२३ मध्ये तिलाच आईसाहेब म्हणून उभं केलं हे मला फार आवडलं होतं, कारण ती कितीही कडक बोलली तरी तो जुना मायेचा चेहरा आपल्या डोळ्यापुढून जात नाही. नात्याने ती सावत्र आई, पण तिला विचारल्याशिवाय अधिपतीचं पान हलत नाही. आणि बघ ना, ती त्याला लाडानेच बांधून ठेवते. म्हणून त्याला काही जाचतच नाही, आणि त्याची बायको अक्षरा बाहेरून आलेली, शिकलेली, शिकवणारी मुलगी, तिला ते लगेच खुपतं.

माझं सांगते. बारावीनंतर मला मुंबईला शिकायचं होतं, हॉस्टेलचा फॉर्म भरून पोस्टात टाकायला आईकडे दिला, उत्तर आलंच नाही, मग घेतली इथेच ॲडमिशन. खूप वर्षांनी नारायण पेठेतली आमची खोली रिकामी करताना फडताळातले डबे काढले आणि खाली अंथरलेला पेपर उचलला तर ते पाकीट, तिकीट लावलेलं, वर तेलाच्या डब्याचा गोल डाग. त्याच वर्षी मला टायफॉईड झाला होता तेव्हा हीच बाई रात्र रात्र उशाशी बसून मला चमच्या चमच्याने मोसंबीचा रस पाजत होती. पाकीट घेऊन तिच्यासमोर उभी राहिले तर म्हणाली, “तिकडे आजारी पडली असतीस तर कोणी बघितलं असतं?” मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पण फॉर्म माझा होता, तो तिने टाकायला हवा होता, हे मी आजही म्हणते.

त्यामुळे तुझा राग खरा आहे आणि तुझ्या आईला जे दिसतं तेही खरं आहे. माझी तक्रार आहे ती मालिकावाल्यांवर. रोजचा एपिसोड, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर दर आठवड्याला टीआरपीचे आकडे, मग जरा आकडा घसरला की आईच्या हातात कारस्थान देतात. कारस्थान आलं की तिची भीती दिसेनाशी होते, आणि मुलगा हातातून जाईल ही भीतीच तर बघण्यासारखी असते! ‘पुढचं पाऊल’मधल्या हर्षदा खानविलकरच्या अक्कासाहेब आठव, २०११ ते २०१७ एवढी वर्षं लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, कारण धाक होता पण घरातल्या माणसांसाठी त्या ठाम उभ्या राहायच्या. भुवनेश्वरीचेही मला सगळ्यात आवडलेले प्रसंग ते, ज्यात ती अधिपतीकडे नुसती बघते.

आता तुमच्या अबोल्याचं. तुझी आई भुवनेश्वरीची बाजू घेते तेव्हा ती थोडी स्वतःचीही घेत असेल गं, तिला एकदा विचार की माझ्या बाबतीत तुला कसली भीती वाटायची. टीव्ही, मोबाईल बंद करून विचार, आणि ती बोलायला लागली की मधे तोडू नकोस. तिने तुझ्यासाठी परस्पर काही ठरवलं असेल तर त्याचा राग नंतर कर, तो करायचा हक्क तुझा आहेच.