कौन्सिलला कळवलं तर आईला उचलून नेतील का?

"मी कौन्सिलला (तिथल्या स्थानिक प्रशासनाला) कळवलं आणि त्यांनी आईला होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नेऊन टाकलं तर?" इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांसोबत काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. या वेळी तो नाशिकहून, एका मुलीकडून आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई ७८ वर्षांची, पक्षाघातानंतर डावा हात कमजोर. लंडनजवळच्या उपनगरात मुलाकडे राहते. व्हिडिओ कॉलवर तिच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. बँकेचं कार्ड मुलाकडे, तो कामावर गेला की दाराला बाहेरून कुलूप, दिवसभर दूध-ब्रेड, रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठवडा उलटलेला. आईचं म्हणणं एकच, "दारावर हात आपटला गं." मुलगी म्हणाली, "वहिनी सोडून गेल्यापासून दादाचंही डोकं ठिकाणावर नाही. त्याला पोलीस घेऊन गेले तर मी स्वतःला माफ करणार नाही."

दादाची कीव येते म्हणून आईची काळजी खोटी ठरत नाही. पहिल्या दिवशी आम्ही एवढंच बोललो. माहितीचा मारा करण्यात अर्थ नव्हता, तिला आधी रडायचं होतं.

भीतीचं उत्तर कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये २०१४चा केअर अ‍ॅक्ट, म्हणजे प्रौढांच्या काळजीचा आणि आधाराचा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम ४२ नुसार कौन्सिल तीन गोष्टी बघते: त्या व्यक्तीला काळजीची, आधाराची गरज आहे का, तिचा छळ किंवा हेळसांड होतेय का किंवा तसा धोका आहे का, आणि त्या गरजेमुळे तिला स्वतःचा बचाव करता येत नाही का. तिन्हींचा रास्त संशय असेल तर चौकशी करणं कौन्सिलला बंधनकारक आहे. ती व्यक्ती तिथली कायमची रहिवासी असावी, अशीही अट नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासू-सासऱ्यांबद्दल विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि उचलून नेणं? वृद्ध, आजारी माणूस घाणीत, हालात राहत असेल तर न्यायालयाच्या हुकमाने त्याला घरातून हलवायची तरतूद १९४८च्या कायद्यात होती. केअर अ‍ॅक्टने इंग्लंडमध्ये तीच रद्द केली. निर्णयक्षमता हरपली असेल किंवा गंभीर गुन्हा घडला असेल तर न्यायालय आणि पोलीस येतात, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण सुरुवात तिथून होत नाही.

कळवायचं कसं, हे आम्ही एकत्र बसून लिहिलं. "भाऊ नीट वागवत नाही" असं लिहिलं की कागद खालीच राहतो. कौन्सिलच्या टेबलावर कामाचा ढीग असतो आणि मोघम तक्रार लवकर मिटवली जाते. म्हणून तारीख, डाग कुठल्या हातावर, कार्ड कोणाकडे, कुलूप किती वाजता लागतं, आणि भाऊ घरी नसतो ती वेळ. शेवटी एक ओळ: आईला इंग्रजी येत नाही, दुभाषी घरातला नको. इंग्लंडचा तातडीचा नंबर ९९९ नाशिकहून लागत नाही, म्हणून तातडीच्या प्रसंगासाठी शेजारच्या गुजराती मावशींचा नंबर तिने हाताशी ठेवला.

सोशल वर्कर आली ती मराठी दुभाषी घेऊन. मुलाला वेगळं बसवून तिने आईला, म्हणजे माझ्या लेखी काकूंना, विचारलं, "तुम्हाला काय व्हायला हवंय?" काकूंना असं कुणी विचारेल याची सवयच नव्हती. बराच वेळ पदराशी चाळा करून त्या म्हणाल्या, "माझं कार्ड. दुपारी गरम भात. आणि त्याला काही करू नका." त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं कार्ड वापरून पैसे काढणं हा गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना नीट समजावलं गेलं. तरीही पोलिसांत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेतला म्हणून माणसाची निर्णयक्षमता गेली असं धरता येत नाही, हे २००५च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलगी चिडली. मला काकूंचं पटलं.

पुढे पेन्शन नव्या खात्यात वळवली, बाहेरचं कुलूप निघालं, दुपारी केअरर यायला लागली, गोळ्या केमिस्टकडून घरपोच. दादाला कसला आधार हवा, याचंही मूल्यांकन झालं, कारण घरात काळजी घेणाऱ्यालाही कायद्याने तो हक्क आहे. त्याने रात्रपाळी सोडली. बहिणीशी मात्र तो अजून बोलत नाही, आणि आमची सत्रं आता त्याबद्दलच चालू आहेत.

मध्येच एक नवा प्रश्न आलाय. काकूंना पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र) करायची आहे, आणि ती मुलीच्या नावाने. भारतात राहूनही ती अ‍ॅटर्नी होऊ शकते, त्यात अडचण नाही. हे दादाला कोण सांगणार, यावर मायलेकींचं रोज फोनवर वाजतंय.