वर्डचे जुने मेनू गेले, आता सवय कशी करायची?

पतसंस्थेतल्या मशीनवरून २००३ काढून नवीन वर्ड टाकलं, फाइल-एडिट-फॉरमॅट सगळं गायब, जुनं परत येते का आन् सवय कशी करू, असं तुम्ही विचारलं. जुना मेनू परत आणायची सेटिंग वर्डमध्ये नाही. २००७ पासून हा रिबनच आहे, म्हणजे वरचा बटणांचा पट्टा, कंपनीनं २०१० मध्ये कोपऱ्यातलं ते गोल बटण काढून फाइल तेवढं परत दिलं. मेनूच पाहिजे असन तं लिब्रेऑफिस टाका, फुकट आहे.

सवयीचं म्हणाल तं इथं माझं डोकं फिरते. दारव्ह्याकडं माझं टायपिंगचं दुकान, टाइपरायटरवर शिकलेला माणूस मी. भाच्यानं नवीन मशीन आणलं, त्यात २००७, आन् पहिल्याच दिवशी म्हणते, "मामाजी, तुमच्यानं हे नाही होणार, तुम्ही जुन्यावरच बसा." त्याच हप्त्यात एक जण वारसाचं प्रतिज्ञापत्र करायला आला, स्टॅम्प पेपर एकच आणलेला, शेवटची एसटी सुटायला आलेली. तेच मॅटर माझ्या मशीनवर एका पानात बसे, याच्या मशीनवर सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर. पोट्टा काय करते, तं माउसनं फॉन्ट कमी करत बसला, कृतीदेव १६ चा १४ केला, १४ चा १२, इकडं तो म्हातारा दर दोन मिनिटांनी रस्त्याकडं पाहे. मी म्हटलं सरक. ऑल्ट दाबलं, मग ओ, मग पी. पॅराग्राफची जुनीच खिडकी उघडली. २००७ नं प्रत्येक पॅऱ्याखाली १० पॉइंट जागा टाकून ठेवली होती आन् ओळीतलं अंतर १.१५. तिथं शून्य केलं, सिंगल केलं, फॉन्ट परत १६, मॅटर एका पानात. त्याच खिडकीत डिफॉल्टचं बटण आहे, ते एकदा दाबा म्हणजे दरवेळची कटकट नाही.

तं सांगायचं हे, की पट्ट्यावर डोळे फिरवत बसू नका. जुन्या ऑल्टच्या बऱ्याच चाव्या अजून चालतात, ऑल्ट-आय-बी नं पानाचा ब्रेक टाकता येते. फाइलवाल्या मात्र नाही चालत. रोजची चार-पाच बटणं राइट क्लिक करून क्विक ॲक्सेसमध्ये, म्हणजे त्या छोट्या पट्टीत, टाका आन् कंट्रोल-एफ१ नं पट्टाच मिटवून टाका. पेज सेटअप पाहिजे तं बाजूच्या उभ्या रुलरवर डबल क्लिक.

आन् ऑफिसात कोणी म्हटलं ना की जुन्या लोकांना नवीन जमत नाही, तं त्याला माउस बाजूला ठेवून एक अर्ज टाइप करून दाखव म्हणा. काहून का आमच्या बोटांत जे बसलं ते यायले पट्ट्यात शोधावं लागते, आन् वरून आम्हालेच शिकवते. आता नवीन शिकणाऱ्या पोरींना रिबन सोपा जाते हे खरं आहे, चित्र दिसते तं घाबरत नाहीत, पण तुमचा प्रश्न तो नाही.

ॲपलच्या मॅकवर मात्र या ऑल्टच्या चाव्यांवर भरवसा ठेवू नका. आन् बाकीच्या शाखांत अजून २००३ असन तं फाइल सेव्ह ॲज करून ९७-२००३ मध्ये द्या, नाही तं तिकडून फोन येत राहतील.