कल्पामध्ये एक अख्खा दिवस रिकामा ठेवू का?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये मी आणि आई (वय ६६) हिमाचलमधल्या किन्नौरला जातोय. कल्पामध्ये दोन रात्री आहेत, पण मधल्या दिवशी आईला गाडीत बसायचंच नाहीये, ती म्हणते मला नुसतं बसून डोंगर बघायचाय. टूरवाले म्हणतात त्या दिवशी सांगला-छितकुल उरकून घ्या, नाहीतर दिवस फुकट जाईल. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईचं ऐका, प्लीज. कल्पाहून छितकुल म्हणजे आधी पार खाली सतलजपर्यंत उतरायचं, मग बास्पा नदीच्या खोऱ्यातून परत वर चढायचं आणि संध्याकाळी तेच सगळं उलट, निम्मा दिवस गाडीतच जातो, आणि शिमल्याहून कल्पाच्या खालच्या रिकांग पिओ गावापर्यंतचा नऊ-दहा तासांचा घाटरस्ता करून आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी परत गाडीत बसवायचं हे मला अजिबात पटत नाही. छितकुल सुंदरच आहे, पण ती उरकायची जागा नाही, तिकडे वेगळी रात्र काढा. जमलं तर जातानाही वाटेत सराहनला मुक्काम करा. कल्पा २,९०० मीटरच्या आसपास आहे, आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे उंचीची सवय व्हायला शरीराला थोडा वेळ द्यायलाच हवा.

आता आईंना बघायचाय त्या डोंगराबद्दल. किन्नर कैलास गावाच्या अगदी समोर, सतलजच्या पलीकडे आहे आणि तो पूर्वेला आहे, हे लक्षात ठेवा! सूर्य त्याच्या मागून उगवतो, त्यामुळे पहाटे शिखरं काळपटच दिसतात आणि गावात ऊन यायलाही वेळ लागतो. बर्फावर सोनेरी रंग चढतो तो संध्याकाळी, सूर्य आपल्या पाठीमागे गेल्यावर, मग केशरी, मग गुलाबी, आणि दिवसभर फिरायला गेलेले लोक परत येईपर्यंत बऱ्याचदा ते संपलेलं असतं. मी हे गच्चीवर शाल पांघरून बघितलंय, चहा गार झाला तरी उठावंसं वाटलं नाही. कड्यावर एक उभा सुळका दिसतो तेच शिवलिंग, त्याचा रंग दिवसभर बदलतो असं तिथले लोक सांगतात. दुर्बीण असेल तर नक्की न्या.

मधल्या वेळात पाय मोकळे करायला गाव पुरेसं आहे. नारायण-नागिणी मंदिराचं लाकडावरचं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं आहे (आत जायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा, आणि देवाच्या वस्तूंना हात लावू नका). रोघी गावाकडचा रस्ता सफरचंदांच्या बागांमधून जातो, आईंना झेपेल तेवढंच चाला आणि परत फिरा. ऑक्टोबरमध्ये सफरचंदं पेट्यांत भरायची गडबड असते, चिलगोजेही (तिथल्या पाइनच्या खायच्या बिया) तेव्हाच मिळतात, महाग असतात पण ताजे मिळाले तर थोडे घ्याच.

आणि आईंना एक आवर्जून सांगा, स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्याम सरन नेगी याच गावचे, शाळेत शिक्षक होते. बर्फाच्या आधी मतदान उरकावं म्हणून इथे २५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान झालं, देशात बाकी बहुतेक ठिकाणी ते पुढच्या वर्षी झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वारण्याच्या तीनच दिवस आधी, त्यांनी घरून पोस्टल मत दिलं होतं, वय १०५. त्या गल्ल्यांमधून चालताना मला हे सारखं आठवत होतं.

कॅश रिकांग पिओलाच काढून ठेवा. खोली घेताना डोंगराकडे खिडकी आहे का आणि जिने किती आहेत हे दोन्ही फोनवर विचारा, गाव उतारावर आहे, आईंच्या गुडघ्यांना त्रास नको. ऊन गेलं की गारठा एकदम वाढतो, कानटोपी हाताशीच ठेवा.