फ्रीज नवा की दुरुस्त? आधी त्या झिणझिण्यांचं बघू

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान टॉवेलच्या कारखान्यात, ताई घरी इडली-डोशाचं पीठ करून विकतात, रोज साधारण आठ किलो. घरात पाच माणसं. तेरा वर्षं चाललेला १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रीज ऐन एप्रिलात बसला. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकून गॅस भरून ७,५०० रुपये, गॅरंटी सहा महिने. नवी पेठेतल्या दुकानात २४० लिटरचा डबल डोअर २६,९९० ला आहे, बारा हप्ते, 'नो कॉस्ट'. तोच रोखीने २५,२०० ला. दुकानदार ३२० लिटरचाही आग्रह करतोय, ३६,५०० चा, 'पिठाचा धंदा वाढेल' म्हणून. यजमानांचं म्हणणं, ५० हजारांची एफडी मोडू. ती ऑगस्टमध्ये संपते आणि मुलीच्या डिप्लोमाच्या फीसाठी ठेवलेली आहे. शिवाय पतसंस्थेत रोज शंभराची पिग्मी, तिचे १९,००० झालेत. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: 'जुन्या फ्रीजला ओल्या हाताने धरलं की जरा झिणझिण्या यायच्या, पण ते पहिल्यापासूनच होतं.'

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी सगळ्यात वर घेतोय. फ्रीज कोणताही आणा, पैसे कुठूनही उभे करा, पहिला खर्च इलेक्ट्रिशियनचा.

झिणझिण्या म्हणजे फ्रीजच्या पत्र्यापर्यंत करंट येतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. अर्थिंग धड असतं तर तो तिकडून गेला असता. नाही म्हणून तो तुमच्या हातातून, ओल्या पायांतून जातो. पीठ वाटताना तुमच्या स्वयंपाकघरातली फरशी कोरडी कधी असते, सांगा बरं? तेरा वर्षं निभावलं हे नशीब. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. नवीन अर्थिंग, फ्रीजसाठी वेगळा तीन पिनांचा पॉइंट आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, एवढं सांगा. तुम्ही विचारून ठेवलेला आकडा ४,५०० आहे, तो मला रास्त वाटतो. काम चालू असताना मात्र शेजारी उभ्या राहा. अर्थिंगचा खड्डा खणायचा कंटाळा म्हणून सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल एका वायरने जोडून देणारे महाभाग आहेत. टेस्टरवर सगळं ठीक दिसतं, पण न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रीजचं अख्खं अंग जिवंत होतं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे मला ठाऊक आहे, तरी तांदूळ-डाळ धुतलेलं दोन तांबे पाणी त्याच्या वाट्याला जाऊ द्या.

आता फ्रीज. दुरुस्तीचे ७,५०० कमी वाटतात, पण तुम्हीच दिलेल्या एका माहितीनं ते महाग ठरवले. फेब्रुवारीत अक्कलकोटला लग्नाला सहा दिवस गेलात, घरात फक्त फ्रीज चालू होता, आणि मुलानं जाता-येता मीटरचे फोटो काढले: १२ युनिट. (हा मुलगा पुढेमागे माझ्याकडे कामाला पाठवा.) म्हणजे दिवसाला दोन युनिट, तेही थंडी सरताना, दार एकदाही न उघडता. नवा कॉम्प्रेसर बसला तर तो थोडा कमी खाईल, दीड-पावणेदोन धरू. वर्षाचे झाले ५८० च्या आसपास. दुकानातल्या फ्रीजच्या स्टार लेबलचा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यावर वर्षाला २०५ युनिट आहेत. ती प्रयोगशाळेतली मोजणी. आपल्या उन्हात, पिठाच्या डब्यांसाठी दार सारखं उघडताना मी २९० धरतो. फरक २९० युनिटांचा.

या युनिटांना भाव कोणता लावायचा, इथं बरेच जण चुकतात. तुमचा वापर महिन्याला १४० ते १५० युनिट. महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांना खालचा दर आणि त्यावरच्यांनाच वरचा दर लागतो. शंभर ओलांडले म्हणून सगळं बिल महाग होत नाही. त्यामुळे तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या भागातलं असतं. वहन आकार आणि वीज शुल्क धरून तुमच्या बिलावरून मी १२ रुपये धरले. वर्षाला साधारण ३,५०० रुपये वाचतात. दुरुस्त केलेला फ्रीज तीन वर्षं चालला, तर ७,५०० अधिक जास्तीच्या विजेचे १०,५००, असे १८,००० गेले, आणि हातात सोळा वर्षांचा फ्रीज. गॅरंटी तर सहा महिन्यांत संपलेली. तो जाऊ द्या. जुन्या बाजारातला ९,००० चा 'रिकंडिशन'सुद्धा याच कारणानं नको, त्याचं ना बिल ना वय कळत.

३२० लिटरचा हिशोब वेगळा करावा लागतो, कारण तिथं दुकानदारानं धंद्याचं नाव घेतलंय. रोखीच्या २४० लिटरपेक्षा तो ११,३०० नी महाग. तुम्हाला किलोमागे १८ रुपये सुटतात. म्हणजे वरचे पैसे निघायला ६२८ किलो पीठ जास्तीचं विकायला हवं. रोज दोन किलो वाढवलं तर दहा महिने. आकडा अशक्य नाही. पण तुम्हीच लिहिलंय की कधीकधी संध्याकाळी दीड-दोन किलो उरतं. मग तुमचं अडतंय ते गिऱ्हाइकावर, ग्राइंडरवर आणि पाण्याच्या दिवसावर, फ्रीजच्या लिटरवर नाही. जागा नाही म्हणून आठवड्यात दोन-तीनदा गिऱ्हाईक परत पाठवत असता तर मी मोठाच घ्या म्हटलं असतं. आधी १९० लिटरमध्ये पिठाचे डबे ठेवल्यावर भाजी बाहेर राहायची, त्यासाठी २४० पुरे. तरी एक बघा: वॉरंटी कार्डावर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं बहुधा छापलेलं असतं. धंद्याचा माल आत दिसला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. दुकानदाराला हे तोंडावर विचारा, धंदा वाढवायचा सल्ला त्यानंच दिलाय. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका, घरगुती विक्रीलाही ती लागते.

'नो कॉस्ट' हप्ता. रोखीने २५,२००, हप्त्याने २६,९९०, वर प्रोसेसिंग फी ४९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. जास्तीचे गेले २,३७९. हे पैसे तुम्ही वर्षभर पूर्ण २५ हजारांवर देत नाही, दर महिन्याला मुद्दल उतरत जातं, म्हणून खरा दर साधारण सतरा टक्के पडतो. रोखीची सवलत सोडायला लावायची आणि तेच व्याज 'नाही' म्हणून दाखवायचं, एवढीच त्यातली जादू. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. पाट्यांवरचे शब्द तेवढे बदलले. आणि 'जीएसटी उतरला म्हणून स्वस्त' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या फक्त. फ्रीजवरचा कर २०१८ मध्येच २८ वरून १८ वर आला. २०२५ मध्ये उतरला तो एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा.

यजमानांची एफडी मोडायची कल्पना हप्त्यापेक्षा बरी आहे, हे आधी कबूल करतो. आठ महिने झालेत, सात टक्क्यांऐवजी तुमच्या बँकेच्या हिशोबानं पाच मिळतील, तोटा साडेसहाशे-सातशेचा. पण मोडलेल्या एफडीचे उरलेले २५ हजार घरात आले की ते ऑगस्टपर्यंत टिकत नाहीत. लग्नसराई आहे. फीचा पैसा फीलाच राहू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर पिग्मी उचलली असती. पासबुकावर सहा महिन्यांनंतर कपात नाही असं लिहिलंय आणि ते महिने पुरे झालेत. पिग्मीवर व्याज नावापुरतंच, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नसतं. तिथं फार साठू देण्यात अर्थ नाही. हिशोब असा: फ्रीज २५,२००, वायरिंग ४,५००, जुन्याचे दुकानदार १,२०० देतोय ते वजा, राहिले २८,५००. पिग्मीचे १९,००० गेले की कमी पडतात ९,५००. तेवढ्यापुरतं एफडीवर दहा हजारांचं कर्ज घ्या. तुमची बँक नऊ टक्के सांगते, ऑगस्टपर्यंत व्याज जास्तीत जास्त तीनशे रुपये. दुकानदाराला दरमहा २,२४९ द्यायची तयारी होतीच ना? त्याऐवजी २,५०० बँकेत भरा, चार महिन्यांत एफडी मोकळी. शंभराची पिग्मी चालू ठेवा.

एक्स्टेंडेड वॉरंटीचे ३,२०० देऊ नका. 'कॉम्प्रेसरला दहा वर्षं' याचा अर्थही नीट वाचा: मिळतो तो कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे पुष्कळदा आपल्याकडूनच जातात. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये व्होल्टेजच्या उड्यांनी जाते ती आतली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी), आणि तिला बहुधा एकच वर्षाची वॉरंटी असते. म्हणून स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही हे दुकानात ठरवू नका. इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी सात-आठला, शेजारचे माग आणि कूलर चालू असताना, व्होल्टेज मोजून घ्या आणि फ्रीजवर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. आत बसत असेल तर दोन हजार वाचले.

फ्रीज ठेवायचा कुठे, यातही पैसा आहे. मी माझ्या घरी हौसेनं भिंतीच्या कोनाड्यात अगदी मापात बसवला होता. हल्लीच्या फ्रीजची गरम नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्यामागून फिरते हे तेव्हा डोक्यात नव्हतं. बाजूला हात लावला तर चटका बसायचा, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. बाहेर ओढला आणि पुढचं बिल उतरलं. तुमच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे, शिवाय आत गॅसची शेगडी. नवा फ्रीज मधल्या स्लॅबच्या खोलीत ठेवा, मागे-बाजूला वीतभर नाही तरी चार बोटं मोकळी सोडून. मागच्या लेबलवर क्लायमेट क्लास बघा: 'टी' हवा, तो ४३ अंशांपर्यंतचा. 'एन' असेल तर तो ३२ पर्यंतचाच, सोलापुरात त्याचा काय उपयोग. टेम्पोत आडवा आणू देऊ नका. आडवा आलाच तर उभा करून काही तास तसाच ठेवा, मग पिन लावा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए गॅस असतो, थोडे ग्रॅमच पण पेट घेणारा. मागे ज्योतीचं पिवळं चिन्ह दिसेल. उद्या गॅस गळाला तर घरातच टॉर्च पेटवून डाग मारणारा मेकॅनिक नको. सुरीनं बर्फ खरवडायचीही सवय सोडा, नळीला भोक पडलं की दुरुस्ती हजारांत जाते.

पीठ आंबवून झाल्यावर कोमट डबा तसाच आत ढकलू नका, आधी पाण्याच्या परातीत ठेवून निववा. आतलं तापमान चार अंशांच्या खाली राहावं, शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर त्यासाठी पुरतो. वीज गेली तर दार उघडायचं नाही, बंद दारात साधारण चार तास थंडावा टिकतो. महिन्यातून एकदा दहाची नोट दारात धरून बंद करा. सहज ओढली गेली तर रबर ढिला झालाय. बऱ्याचदा तो नुसता पिठानं चिकट झालेला असतो, साबणाच्या पाण्यानं पुसला की पुन्हा धरतो.

जुना फ्रीज अंगणात कपाट म्हणून ठेवायचं विचारलंत. नको. घरात लहान भाचरं येतात म्हणता, लपाछपीत आत शिरलं तर दार आतून ढकलून उघडणं लहान मुलाला जमेलच असं नाही. दुकानदार नेईपर्यंत बाहेर ठेवावा लागला तर दार काढून ठेवा. भंगारवाल्याच्या दोनशे रुपये जास्तीला भुलू नका, तो नळी कापून गॅस हवेत सोडतो.

वायरिंग झालं, फ्रीज आला की मुलाला पुन्हा कामाला लावा. मे महिन्यात एक दिवस बाकी सगळं बंद करून चोवीस तासांचं मीटर रीडिंग घ्यायला सांगा आणि फोटो मला पाठवा. मी २९० युनिट धरलेत ते जास्त धरले की कमी, ते मलाही बघायचंय.