समलंब चौकोनाचे कोन: आधी समांतर बाजू शोध

बाळा, सूत्र पाठ करायची घाई करू नकोस. समलंब चौकोनात समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असते; आधी त्या समांतर बाजूंवर पेन्सिलीने बाण काढ. तिरकी बाजू म्हणजे त्यांची छेदिका (दोघींना छेदणारी रेषा), म्हणून तिच्या दोन टोकांच्या कोनांची बेरीज 180°. एक 65° तर दुसरा 115°. बहुतेक मुलं तळाच्याच दोन कोनांची बेरीज 180° धरतात आणि तिथेच गणित फसतं.

तळाचे कोन समान कधी? तिरक्या बाजू सारख्या असतील तेव्हा. आपल्या कोकणातल्या चौपाखी कौलारू घराचा पुढचा पाखा, म्हणजे छपराचा पुढचा उतार, बघ: आढं (वरची कड) आणि वळचण (खालची कड) समांतर, कोपऱ्यांतून चढणाऱ्या दोन्ही कडा सारख्या. वळचणीकडे दोन्ही कोन 50° असतील, तर आढ्याकडे दोन्ही 130°. म्हणजे समोरासमोरच्या कोनांची बेरीजही 180°! म्हणूनच अशा चौकोनाच्या चारही शिरोबिंदूंतून एक वर्तुळ जातं. ते कंपासने काढून बघच.