वाचकांचे प्रश्न: दुधाळ झालेली ॲबसिंथ

प्रश्न: भाच्याने स्वित्झर्लंडहून ॲबसिंथ या बडीशेपेच्या स्वादाच्या तीव्र मद्याची बाटली आणली आहे. पेल्यात पाणी घालताच तिचा हिरवा रंग जाऊन ती दुधाळ झाली. ती खराब आहे का आणि घरी कशी तयार करावी?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: बाटली खराब नाही. आपल्या बडीशेपेतही असणारे ॲनेथोल हे सुगंधी द्रव्य मद्यार्कात विरघळते, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; त्यामुळे पाणी मिसळताच त्याचे सूक्ष्म थेंब वेगळे होऊन पेय गढूळते, आणि शौकीन मंडळी तर याच क्षणाची वाट पाहत असतात. हे मद्य बहुधा ४५ ते ७४ टक्के तीव्रतेचे असल्याने नुसते पिऊ नये. पेल्यात ३० मिलि ॲबसिंथ घ्यावी, वर जाळीदार चमचा आडवा ठेवून त्यात साखरेची वडी ठेवावी आणि तिच्यावरून ९० ते १५० मिलि बर्फगार पाणी थेंबथेंब सोडावे. साखर पेटवण्याची टूम १९९० च्या दशकातली आहे, जुनी रीत नव्हे. शिवाय इतक्या तीव्र मद्याजवळ ज्योत नेणे धोक्याचेच. साझेरॅकसारख्या कॉकटेलमध्ये तर पेल्याच्या आतून चार थेंब फिरवले, तरी पुरते.